गेलिंदोला घरी नेलं तो दिवस

"पडाव ओढायला घोडा देईन," इसिदोरो म्हणाला, "पण मागायला तो स्वतः का आला नाही?"

बोवोलेंताच्या पुलाखालच्या तबेल्यात तो आपल्या मोरो घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यावर घेऊन खुरातला चिखल खरवडत होता. बोलताना त्याने मान वर केली नाही. ओलिवा दारातच उभी होती. डोक्यावरची काळी शाल तिने हनुवटीखाली मुठीत घट्ट धरली होती.

"ताप आहे त्याला," ती म्हणाली.

"ताप? परवा क्योज्जाच्या धक्क्यावर कोळसा भरताना मुकादमाच्या अंगावर धावून गेला म्हणे. इथपर्यंत ऐकू आलं."

"काल चढला. अंगात त्राण नाही."

"आणि आर्तुरो कुठे गेला? नेहमी त्याचाच घोडा लागतो तुम्हाला."

"तो बीटाच्या पडावांबरोबर अडकलाय. शनिवारपर्यंत काही येत नाही. वाराही पडलाय. नाहीतर तुझ्या दारात आले नसते, इसिदोरो."

"ते ठाऊक आहे मला." त्याने खूर खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. थोरल्या भावापेक्षा, गेलिंदोपेक्षा, सहा वर्षांनी लहान, पण केस सगळे पांढरे झालेले. "वहिनी, मी येतो ते तुझ्यासाठी. त्याने माझ्याशी बोलायचं नाही, मी त्याच्याशी बोलणार नाही. तो मागे सुकाणूवर उभा असेल तर मी मान वळवून बघणार नाही. कबूल?"

"कबूल," ओलिवा म्हणाली. "सुकाणूवर मेनेगोकाका असेल."

गेलिंदोला जाऊन तेव्हा तीन तास झाले होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी समुद्राकडून वारा होता तोवर त्यांचा पडाव, ती लांबट मालवाहू होडी, नदीतून झकास वर आला होता. गेरूच्या रंगाचं मोठं शीड फुगलेलं, गेलिंदो सुकाणूवर, तोंडात विझलेली चिरूट. बोवोलेंताला, जिथे नदी सोडून जुन्या कालव्यात शिरायचं, तिथे वारा पडला. त्यांनी पडाव काठाला बांधला, मक्याचा पोलेंटा आणि खारवलेले सार्डिन मासे खाल्ले, झोपले. पहाटे तो उठून बसला. "ओलिवा, छातीवर कोणीतरी बसलंय गं," एवढंच म्हणाला. तिने त्याला मागून धरलं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं आणि परत उचललं गेलं नाही.

ती रडली नाही असं नाही, पण फार वेळ रडली नाही. मेनेगोला उठवलं. मेनेगो त्यांचा खलाशी, सत्तरी ओलांडलेला, एका कानाने ठार बहिरा. त्याने गेलिंदोच्या तोंडापुढे आरसा धरून पाहिला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाला, "इथल्या पाद्रीला बोलावू?"

"नको."

"अगं पोरी, मग डॉक्टरला तरी..."

"डॉक्टर आला की सरकारी कागद आला. मग त्याला इथेच पुरतील. इथे कोण आहे त्याचं?"

मेनेगोने आरसा परत खिळ्याला अडकवला. त्यालाही गोष्ट माहीत होती. गेलिंदोचा बाप असाच पडावावर गेला होता, दूर आदिजे नदीवर. जिथे मेला तिथल्या गावाने त्याला पुरलं. पुढे युद्धात त्या गावावर बॉम्ब पडले. युद्ध संपल्यावर गेलिंदो बापाची कबर शोधायला गेला, दोन दिवस विटांच्या ढिगाऱ्यात फिरला, आणि परत आल्यावर आठवडाभर कोणाशी बोलला नाही. त्यानंतर त्याने ओलिवाकडून वचन घेतलं होतं. मी कुठेही मरेन, पण मला बात्ताल्यात पुरायचं, आईशेजारी. पडाववाल्याला ना घर, ना शेत, ना परस. जन्म पाण्यावर, लग्नाची रात्र पाण्यावर. तेवढे सहा फूट तरी आपल्या गावचे असावेत, एवढंच त्याचं मागणं.

बोवोलेंतापासून बात्ताल्यापर्यंत कालव्याने सोळा-सतरा किलोमीटर. शेवटी जलदरवाजा: एक खोल दगडी कोठी, तिच्यात पाणी भरत जातं तसा पडाव वर उचलला जातो आणि गावाच्या धक्क्याला लागतो. सूर्य मावळला की ती कोठी बंद. घोडा मिळाला तर दिवसभरात पोचता येत होतं. म्हणून ओलिवाने मेलेल्याची हनुवटी रुमालाने बांधली, पापण्या मिटल्या, हातपाय ताठायच्या आत सरळ केले, पाम-संडेला चर्चमधून आणलेल्या वाळलेल्या फांदीने त्याच्यावर बाटलीतलं पवित्र पाणी शिंपडलं, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि इसिदोरोच्या तबेल्याकडे चालू लागली.

अकरा वर्षांत ती त्या तबेल्यात पहिल्यांदाच गेली होती.

*

आठ वाजता दोर बांधला गेला. मोरो पुढे, त्याच्या बाजूला इसिदोरो, दोघे उंच बांधावरच्या पायवाटेने. मागे चाळीस हात लांब दोर. आणि दोराच्या टोकाला कोळशाने भरलेला पडाव. डोलकाठी पुलांसाठी आडवी करून ठेवलेली. त्या साली पाऊस झालाच नव्हता. कालवा शेकडो वर्षांचा, फावड्यांनी खणलेला, कधीच फार खोल नव्हता. आता तर दोन्ही काठांना हातभर काळा चिखल उघडा पडला होता. मेनेगो सुकाणू धरून मधल्या धारेचा अंदाज घेत होता आणि ओलिवा नाळेवर, पडावाच्या पुढच्या टोकाला, लांब वासा घेऊन तळ चाचपत होती.

"बायकोला कामाला लावून महाराज आत पडलेत," इसिदोरो बांधावरून घोड्याला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाला. "आमच्या आईने त्याला लाडावून ठेवलं होतं. आजारी पडला की अंडं मिळायचं. मला नुसता पोलेंटा."

ओलिवा वाशाने तळ चाचपत राहिली.

"वहिनी, तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

"खाल्लं."

"खोटं बोलतेस. तोंड बघ तुझं." त्याने खिशातून पावाचा तुकडा काढून पडावावर फेकला. तो कोळशावर पडला. ओलिवाने उचलला, फुंकला, आणि खाता येईना म्हणून एप्रनच्या खिशात ठेवला.

तो तिच्याशी नेहमी असाच वागत आला होता. कधी बाजारात भेटला तर टोपी काढायचा, चौकशी करायचा. राग होता तो फक्त भावावर. आणि सगळ्या कालव्याला त्या रागाचं कारण माहीत होतं.

पूर्वी दोघे भाऊ एकाच पडावावर होते. गेलिंदो-ओलिवा मागच्या खोलीत, इसिदोरो आणि त्याची बायको अमाबिले पुढच्या. ओलिवाला मूल नव्हतं. अमाबिलेला एक मुलगा, इलारिओ, पाच वर्षांचा. पडावावरची लहान मुलं कमरेला दोर बांधून डोलकाठीच्या बुंध्याशी कडीला अडकवून ठेवायची, ही सगळ्यांचीच रीत. मोठी माणसं कामात असतात, आणि चारी बाजूंना पाणी. एका जूनमधल्या दुपारी कडी होती, दोर होता आणि पोरगं नव्हतं. तीन तासांनी ते पाण्यावरच्या गिरणीच्या जाळीला लागलेलं सापडलं. गाठ कोणी मारली होती, असं इसिदोरोने विचारलं. गेलिंदो म्हणाला, "मी."

त्यानंतर इसिदोरोने पाण्यावर राहणं सोडलं. घोडा घेतला, काठावर राहायला गेला. बात्ताल्याच्या भर बाजारात तो एकदा गेलिंदोच्या तोंडावर थुंकला आणि त्याला खुनी म्हणाला. गेलिंदोने तोंड पुसलं आणि तो पुढे चालू लागला. तीन वर्षांनी अमाबिले टायफॉइडने गेली. तिच्या मयतीला गेलिंदो चर्चच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला होता. आत जायची त्याची छाती झाली नाही.

*

कान्योला गावाच्या पुढे कालव्याला एक लांबट वळण आहे. आतल्या बाजूला गाळ साठतो. साडेअकराच्या सुमाराला पडाव तिथे रुतला.

आधी नुसता खरखर आवाज झाला, मग दोर ताणला गेला, मोरोच्या मागच्या पायांनी वाटेची माती उकरली आणि सगळं थांबलं. मेनेगोने एक शिवी हासडली. त्याला नीट ऐकू येत नसल्यामुळे त्याच्या शिव्या नेहमीच गावभर जात.

"मागे रेट," इसिदोरो ओरडला. "वासा लाव, वहिनी. डावीकडून. अगं, डावीकडून."

ओलिवाने वासा रोवला आणि छातीने रेटला. वासा गाळात हात-दोन हात गेला आणि तिथेच राहिला. मेनेगो दुसरा वासा घेऊन आला. दोघांनी रेटलं. पडाव हलला नाही.

"त्याला बाहेर बोलाव," इसिदोरो म्हणाला.

"नको. आम्ही बघतो."

"तू आणि हा म्हातारा? पस्तीस टन कोळसा आहे आत. त्याला म्हणावं, मी तोंड फिरवून उभा राहतो. पण वाशाला हात लाव म्हणावं."

ओलिवाने बूट काढले, घागरा कमरेला खोचला आणि ती पाण्यात उतरली. पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि खालचा चिखल गुडघ्यापर्यंत. ऑक्टोबरचं पाणी. तिने पडावाच्या कुशीला खांदा लावला. मेनेगो वरून वाशाने रेटत होता, इसिदोरो घोड्याला हाकत होता, दोर करकरत होता. चारदा झालं. पाचव्या वेळी तिचा पाय सरकला आणि ती तोंडावर पडली, पार डोक्यापर्यंत बुडली. उठली तेव्हा शालीतून चिखल गळत होता.

इसिदोरोने ते पाहिलं. त्याने दोर सैल सोडला, घोडा झाडाला बांधला, तरातरा बांध उतरला आणि पाण्यातून सरळ पडावावर चढला.

"इसिदोरो," ओलिवा खालून म्हणाली. "इसिदोरो, थांब."

"अकरा वर्षं मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. आज लावतो. बायको चिखलात लोळतेय आणि हा—"

त्याने मागच्या खोलीचं झाकण उचललं आणि तो तीन पायऱ्या उतरला.

ओलिवा पडावाची कड धरून वर चढली. तिचे हात निसटत होते. मेनेगोने तिला बाहीला धरून ओढलं. ती खाली गेली तेव्हा इसिदोरो खाटेशेजारी उभा होता. खोली इतकी बुटकी की त्याला मान वाकवावी लागत होती. त्याने टोपी काढली होती.

"कधी?" त्याने विचारलं.

"पहाटे."

"म्हणजे तू तबेल्यात आलीस तेव्हा..."

"हो."

तो खाली बसला, खाटेच्या कडेवर नाही, जमिनीवर. बराच वेळ त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग रुमालाची गाठ, डोक्यावर बांधलेली, जरा बाजूला सरकली होती ती त्याने सरळ केली.

"मी आत्ता वाटेत काय काय बोललो," तो म्हणाला. "अंड्याचं वगैरे."

"त्याने ऐकलं नाही."

"मी त्याला बाजारात खुनी म्हटलं होतं. तू होतीस तिथे. सगळं गाव होतं. तो एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, बोल काहीतरी. चुकलं म्हण, नाहीतर मला दोन थोबाडीत तरी मार. माणूस चूक झाली तर माफी मागतो की नाही? अकरा वर्षं मी वाट बघितली. का बोलला नाही हा, वहिनी?"

ओलिवाच्या कपड्यांतून पाणी टपकत होतं. लाकडी जमिनीवर तिच्या पायांभोवती काळं तळं साठलं होतं. तिला त्या वेळी पुढचं सगळं दिसत होतं. घोडा काठावर आहे, पडाव गाळात आहे, बात्ताल्या अजून नऊ किलोमीटर आहे, आणि दिवस ऑक्टोबरचा, आखूड. तोंड बंद ठेवलं तर गेलिंदो संध्याकाळी घरी पोचतो. तिने अकरा वर्षं ठेवलं होतं. आणखी सहा तास काही जड नव्हते.

"कारण गाठ त्याने मारलीच नव्हती," ती म्हणाली.

इसिदोरोने वर पाहिलं.

"मी मारली होती. इलारिओचं अंग धुवायला मी दोर सोडला. परत बांधत होते तर चुलीवर पोलेंटा लागल्याचा वास आला. घाईत बांधला. नीट ओढून बघितलं नाही. गेलिंदो तिकडे पुढे, नाळेवर होता, त्याला काही माहीतसुद्धा नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, मी."

"का?"

"मला मूल नव्हतं ना. नंतर मला म्हणाला, लोक म्हणतील वांझोटीच्या मनात काळं होतं, म्हणून सैल बांधली. तुला जगू देणार नाहीत, म्हणाला. मला नुसतं निष्काळजी म्हणतील. तेवढं मी झेलतो."

वर मेनेगो कसलं तरी भजन पुटपुटत होता. 

"आणि होतं?" इसिदोरोने विचारलं. "मनात काळं?"

"नाही," ओलिवा म्हणाली. "मी पोराला रोज भरवायचे, इसिदोरो."

"अमाबिलेला माहीत होतं?"

"नाही."

"ती ह्याला शाप देत मेली. शेवटच्या दिवशी पाद्री म्हणाला, क्षमा कर, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. क्षमा केली नाही म्हणून मला अजून तिची काळजी वाटते. कुठे असेल ती." तो उठला. डोकं वरच्या फळीला आपटलं, पण त्याला ते कळलंही नाही. "आणि तू बाजारात मला विचारायचीस, तब्येत कशी आहे."

तो वर गेला. ती मागोमाग गेली नाही. तिने त्याची पावलं ऐकली, मग पाण्यातली पावलं. बाहेर आली तेव्हा दोर बांधावर पडला होता आणि मोरोला धरून तो बांधाच्या पलीकडे उतरत होता. आधी घोड्याचं पोट दिसेनासं झालं, मग इसिदोरोचं पांढरं डोकं.

"काय म्हणाला?" मेनेगोने विचारलं.

"गेला."

"का?"

"मी त्याला जायला लावलं, काका. फावडी कुठे आहेत?"

*

त्या दोघांनी दीड तास कोळसा उपसला. नाळेकडचा मागे, फावड्यागणिक. मेनेगो मध्येच खाली बसायचा, छाती धरून, आणि म्हणायचा, "मी मेलो तर मला कुठे न्यायचं ते ठरवून ठेव. मला काही घाई नाही." ओलिवाला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं, ती कोळशाच्या ढिगावर फावड्याला धरून रडली. मेनेगोने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो दुसरीकडे बघत बसला.

दीडच्या सुमाराला बांधावरची बोरूची पानं हलली. समुद्राकडचा वारा, क्षीण, पण होता. पुढचा पूल तीन किलोमीटरवर. त्यांनी डोलकाठी उभी केली, ज्या कामाला तीन माणसं लागतात ते दोघांनी केलं, आणि शीड चढवलं. ते अर्धवट भरलं, पडलं, परत भरलं. नाळ हलकी झाली होती. पडावाने एकदा अंग झटकल्यासारखं केलं आणि तो गाळातून सुटला.

पण एवढ्या वाऱ्यावर तो माणसाच्या चालीनेही पुढे सरकेना. ओलिवा काठावर गेली. दोराच्या टोकाला रुंद पट्ट्याचा फास होता, माणसांनी ओढायचा. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं, घोडा परवडत नव्हता तेव्हा, तिने आणि गेलिंदोने असाच पडाव ओढला होता. तिने पट्टा छातीवरून आडवा घातला, पुढे वाकली आणि सगळं वजन त्यावर टाकलं. पहिल्या वीस पावलांना दोर जणू भिंतीला बांधलेला. मग पाणी मऊ झालं. एकदा पडाव चालायला लागला की चालतो. फक्त थांबायचं नाही.

ती थांबली नाही. ओला घागरा पायांत येत होता म्हणून तिने तो वर बांधला. एक शेतकरी बीटाच्या शेतातून ओरडला, "काय गं, नवरा कुठे मेला?" आणि आपल्याच विनोदावर हसला. ती खाली मान घालून चालत राहिली. चार वाजत आले असतील. खांद्याचं कातडं सोललं होतं. ऊन पिवळं झालं होतं आणि जलदरवाजा अजून सहा किलोमीटर होता. तिला हिशेब कळत होता, पण पायांना कळू द्यायचा नव्हता.

पुलाशी इसिदोरो बसला होता.

कठड्याला मोरो बांधलेला. तो कधीचा तिथे होता कोण जाणे. घोड्याने भोवतालचं गवत पार जमिनीपर्यंत खाल्लं होतं. ओलिवा जवळ आली तसा तो उठला. त्याचे डोळे सुजले होते.

"दोर दे," तो म्हणाला.

तिने पट्टा काढला. तो कातड्याला चिकटला होता, ओढून काढावा लागला. त्याने पाहिलं आणि नजर फिरवली.

"त्याला पोचवतो," तो म्हणाला. "मी त्याचं देणं लागतो, तेवढंच. तुझ्याशी मला काही बोलायचं नाही. आज नाही, पुढेही नाही. समजलं?"

"समजलं."

मेनेगोने शीड उतरवलं, डोलकाठी आडवी केली. इसिदोरोने मोरोला असं हाकललं की गेल्या दहा वर्षांत त्या कालव्यावर घोड्याला तसं पळताना कोणी पाहिलं नव्हतं. एरवी संथ चालणारा घोडा दुडक्या चालीने निघाला. पडावाच्या मागे पाणी दोन्ही काठांना आपटत होतं.

जलदरवाज्याशी पोचले तेव्हा सूर्य टेकड्यांच्या मागे गेला होता आणि तिथला रखवालदार कुलूप लावत होता.

"उद्या," तो म्हणाला. "वेळ संपली."

"आत्ता," इसिदोरो म्हणाला. "माझा भाऊ आजारी आहे आत."

त्या माणसाने आ वासला. कालव्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, इसिदोरोने अकरा वर्षांत 'माझा भाऊ' हे शब्द उच्चारले नव्हते. त्याने मुकाट्याने कुलूप काढलं आणि वही उघडली. "पडावावर कोण कोण?"

"ओलिवा, त्याची बायको. मेनेगो. आणि गेलिंदो."

"चढताना त्याने सुकाणूवर असायला हवं. नियम आहे."

"मी असतो," इसिदोरो म्हणाला. आणि अकरा वर्षांनी तो पहिल्यांदा त्या पडावाच्या सुकाणूवर उभा राहिला. कोठीत पाणी भरत गेलं. ओल्या, शेवाळलेल्या भिंती हळूहळू खाली सरकल्या, वर गावाची छपरं दिसू लागली, मग खिडक्या, मग धक्का. ओलिवा झाकणावर बसून होती, दोन्ही तळहात लाकडावर टेकून. 

डॉक्टर अर्ध्या तासात आला. त्याने गेलिंदोचा हात उचलायचा प्रयत्न केला. हात कोपरात वाकला नाही. डॉक्टर म्हातारा होता, दोन युद्धं पाहिलेला. त्याने ओलिवाकडे पाहिलं, मग इसिदोरोकडे.

"कधी गेला म्हणता?"

"आत्ता," इसिदोरो म्हणाला. "वर चढताना. पाणी भरत होतं तेव्हा."

"कोठीत?"

"हो. कोठीत. बात्ताल्याच्या हद्दीत."

डॉक्टरने खिशातून पेन काढलं, त्याच्या टोपणाशी थोडा वेळ खेळला आणि मग लिहून दिलं.

*

गेलिंदोला आईशेजारी पुरलं. इसिदोरोने त्याची दाढी केली, त्याला स्वतःचा लग्नातला कोट घातला. कबरीच्या एका बाजूला तो उभा राहिला, दुसऱ्या बाजूला ओलिवा. भाऊ शेवटी एक झाले, असं बायका म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. गाठीची गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. तिनेही कोणाला सांगितली नाही, कारण ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं.

पडाव तिने आणखी सहा वर्षं चालवला, आधी मेनेगोबरोबर आणि तो गेल्यावर मजुरी देऊन ठेवलेल्या माणसांबरोबर. कोळसा, दगड, बीट, मिळेल ते. आर्तुरोने घोडा विकून ट्रकवर नोकरी धरली, तेव्हा कालव्यावर ओढणारा एकटा इसिदोरो उरला. ती बोवोलेंताला पोचली की माणूस पाठवून त्याला निरोप द्यायची, आणि तो ठरल्या वेळी घोडा घेऊन काठावर हजर असायचा. ती दोर फेकायची, तो झेलायचा. त्याने तिला पुन्हा कधी वहिनी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. सतरा किलोमीटर ती सुकाणूवरून त्याची पाठ बघत राहायची: आधी ताठ, मग जराशी वाकलेली, शेवटच्या वर्षी काठी टेकत चाललेली.

फक्त कान्योलाच्या वळणाशी, जिथे आतल्या बाजूला गाळ साठतो, तिथे पोचायच्या थोडं आधी तो मागे न बघता उजवा हात वर करायचा आणि पडाव त्या जागेवरून पार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. ओलिवा सुकाणू दाबून पडाव बाहेरच्या बाजूला घ्यायची.